दुसऱ्या भागाचे पैसे इतक्या लवकर मागू नका: बेळगावच्या गेम बनवणाऱ्या मित्रांना खुले पत्र

प्रिय मित्रांनो,

येत्या दिवाळीत तुम्ही तुमच्या गेमच्या दुसऱ्या भागाची घोषणा करणार आणि त्याच दिवसापासून लोकांकडून पैसे जमवायला सुरुवात करणार, असं कळलं. पोस्टरचा मसुदा फिरत फिरत माझ्याही व्हॉट्सअॅपवर आला. त्यात क्यूआर कोडसाठी जागा सोडली आहे आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘पुढच्या दिवाळीला तुमच्या हातात’. ती ओळ काढून टाका, आणि पैसे मागणं निदान काही महिने पुढे ढकला, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या मंडळांनीही हे वाचावं, म्हणून खुलं पत्र लिहितोय.

पहिल्या भागात तुम्ही काय साधलंत ते मला ठाऊक आहे, म्हणूनच हक्कानं बोलतो. दिवाळीत आपल्या गल्लीबोळांत पोरं मातीचे किल्ले करतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात. त्यावर गेम करावा असं माझ्या माहितीत तुमच्याआधी कुणाला सुचलं नव्हतं. तुमचा तो बोटाएवढा मावळा पायथ्याशी उभा असतो, रात्रीत हळिवाचे कोंब त्याच्या डोक्याच्या वर जातात आणि वाट बंद होते. मग पणती सरकवायची. उजेड ज्या बाजूला, तिकडं कोंब हळूहळू वाकतात आणि मध्ये एक बारीक फट पडते. मला ती फट दिसतच नव्हती, भाचीनं दाखवली. बुरुजावरचा पहारेकरी ‘खाली बघून चाल की रे’ म्हणतो, ते तर थेट आमच्या शहापुरातलं बोलणं. हे सगळं तुम्ही एक पैसाही आगाऊ न मागता, कुणाला तारीख न सांगता केलंत. तुम्हाला वेळ होता, म्हणून ती पणती सुचली.

दुसऱ्या भागाला तो वेळ मिळणार नाही, अशी व्यवस्था तुम्ही स्वतःच्या हातानं करताय.

जगात हे आधी घडून गेलंय, आणि तुमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या लोकांच्या बाबतीत. जपानचे केजी इनाफुने हे ‘मेगा मॅन’ मालिकेमुळे नावाजलेले. 2013 साली त्यांनी त्याच धर्तीवरच्या ‘मायटी नंबर 9’ या गेमसाठी किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या संकेतस्थळावर 9 लाख डॉलर मागितले, लोकांनी 38 लाखांवर दिले. रक्कम वाढेल तसं वचनही वाढत गेलं. हे यंत्र, ते यंत्र, घरच्या टीव्हीवर, हातातल्या छोट्या यंत्रावर, सगळीकडं गेम देऊ म्हणाले. एप्रिल 2015 ची तारीख दिली होती, गेम आला जून 2016 मध्ये, आणि आल्यावर पैसे दिलेल्यांनीच नापसंती दाखवली. त्याहून बोलकं आहे ते मधल्या काळातलं. पहिला गेम कुणाच्या हातात पडलेला नसताना, जुलै 2015 मध्ये, इनाफुनेंच्याच कंपनीनं ‘रेड अ‍ॅश’ नावाच्या पुढच्या गेमसाठी पुन्हा लोकांपुढं हात पसरला. 8 लाख डॉलर हवे होते, ते जमले नाहीत. ज्या लोकांनी दोन वर्षांपूर्वी मागितल्याच्या चौपट दिलं होतं, त्याच लोकांनी या वेळी हात आखडता घेतला. इनाफुनेंचं नाव तेच होतं. पण देणाऱ्यांना अजून पहिल्याचंच काही मिळालं नव्हतं.

‘शेनमू 3’ चं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे, कारण तो खराखुरा पुढचा भाग होता आणि लोकांनी त्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. जून 2015 मध्ये सोनीच्या मंचावरून घोषणा झाली आणि त्याच क्षणी किकस्टार्टर सुरू झालं. 20 लाख डॉलर मागितले होते, ते पहिल्याच दिवशी जमले. शेवटी आकडा 63 लाखांवर गेला, पैसे देणारे जवळपास 70 हजार लोक होते. तारीख दिली होती डिसेंबर 2017, गेम आला नोव्हेंबर 2019 मध्ये. आता हिशोब बघा. मालिकेच्या पहिल्या गेमवर सुमारे 4 कोटी 70 लाख डॉलर खर्च झाल्याचं खुद्द मालिकेचे कर्ते यू सुझुकी यांनी सांगितलेलं आहे. 63 लाखांत तसला गेम होत नाही, म्हणजे बाहेरचा पैसा लागणारच होता. तो आला, आणि त्याच्याबरोबर अटीही आल्या. गेम स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात मिळेल या भरवशावर अनेकांनी पैसे दिले होते. 2019 मध्ये कळलं की संगणकावर तो आधी वर्षभर फक्त एपिक या दुसऱ्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानात मिळणार. लोक भडकले, परताव्याची सोय करावी लागली. आणि एवढं होऊन कथा त्या भागातही पूर्ण झाली नाही. सुझुकींनी कुणाला लुबाडलं असं मी म्हणत नाही. घोषणेच्या दिवशी त्यांच्याकडं होती ती इच्छा. खरा खर्च नंतर समोर आला, तेव्हा वचन देऊन झालेलं होतं.

‘सायकोनॉट्स 2’ चं शेवटी चांगलं झालं, म्हणून त्याचं नाव तुम्ही मला ऐकवाल. ऐकवा. डिसेंबर 2015 मध्ये घोषणा, लोकांकडून 38 लाख डॉलर, 2018 चा वायदा, प्रत्यक्षात ऑगस्ट 2021. मध्यंतरी 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं अख्खी कंपनीच विकत घेतली, तेव्हा कापून टाकलेल्या लढती परत घालता आल्या. तुमच्या गेमला असा कुणी धनी मिळेल, हे धरून योजना करता येणार नाही.

आता तुमच्या मसुद्यातल्या गोष्टी. राजहंसगडाची नवी लेव्हल, कन्नड आणि कोंकणी आवाज, दोघांनी मिळून खेळायची सोय, आणि रक्कम वाढली तर भीमगडाचं जंगल. प्रत्येक गोष्ट सुंदर आहे, आणि कन्नड आवाजाची तर मी मनापासून वाट बघेन. तुमच्यातले दोघं घरी कन्नड बोलतात, तेव्हा ते कामही उसनं वाटणार नाही. पण दोघांनी मिळून खेळायची सोय ही वेगळी लेव्हल नसते. एक मावळा पणती सरकवतोय आणि दुसरा त्याच वेळी कोंबांमध्ये अडकलाय, तर उजेड कुणाचा मानायचा, हा प्रश्न गेमच्या मुळाशी जातो. तो सोडवताना कदाचित कळेल की दोघांनी खेळलं की कोडं फार सोपं होतं, मजाच जाते. तेव्हा ती सोय काढून टाकायची मोकळीक हवी. पोस्टरवर छापून, त्या नावानं पैसे घेतले असतील, तर ती मोकळीक गेली. मग मजा नसलेली गोष्ट केवळ कबूल केली म्हणून तुम्ही करत बसाल, आणि राजहंसगड तेवढा मागं पडेल.

पैशाचं गणितही मांडून बघतो, उद्यमबागेतल्या कारखान्यात एस्टिमेट काढण्यात माझी नोकरी गेली. समजा 10 लाख जमले. परदेशी किकस्टार्टर घ्या किंवा इथलं एखादं संकेतस्थळ, त्यांचं कमिशन आणि पेमेंटचा खर्च जातोच. किकस्टार्टर 5 टक्के घेतं, त्यावर पेमेंटचे आणखी 3 ते 5 टक्के. शिवाय भारतात बसून किकस्टार्टरवर थेट मोहीम उघडता येत नाही, परदेशातला कुणीतरी मध्ये लागतो. 8 टक्के गेले असं धरलं तर उरले 9 लाख 20 हजार. तुम्ही चौघं, प्रत्येकाला घर चालवायला महिना 20 हजार म्हटलं तरी महिन्याचे 80 हजार. साडेअकरा महिन्यांत पेटी रिकामी. यात आवाज देणाऱ्यांचं मानधन नाही, संगीत नाही, जुन्या फोनवर चालतं का ते बघायला लागणारे फोन नाहीत, बक्षीस म्हणून कबूल केलेले टी-शर्ट आणि त्यांचं कुरिअर नाही. दुबईला एक टी-शर्ट पाठवायला काय लागतं, ते एकदा विचारून या. आणि ‘पुढच्या दिवाळीला’ म्हणजे बरोबर बाराच महिने. एक महिना चुकला की पदरचे घालावे लागणार.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. गेमची प्रत देण्याच्या बोलीवर घेतलेले पैसे देणगी राहत नाहीत, ती आगाऊ विक्री होते. आयकर आणि जीएसटीत ते कसे दाखवायचे, हे सीएला विचारल्याशिवाय क्यूआर कोड छापू नका. आणि ‘नफ्यात वाटा देऊ’ असं चुकूनही कुठं लिहू नका. खासगी कंपनीला सर्वसामान्य जनतेकडून भागभांडवल मागायला कायद्यानं मनाई आहे.

यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला पैसे देणार कोण? अमेरिकेतला किकस्टार्टरवाला देताना निदान एवढं जाणून असतो की हे दुकान नव्हे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ईथन मॉलिक यांनी 2015 साली केलेल्या पाहणीत, पैसे जमलेल्या मोहिमांपैकी 9 टक्के मोहिमांनी कबूल केलेलं दिलंच नाही, असं निघालं. उशीर तर बहुतेकांना होतो. आपल्याकडं देणारी असेल वडगावातली मावशी, जिनं गेम उघडूनही पाहिलेला नाही, पण पोरं आपली आहेत म्हणून ती 500 रुपये देईल. गणेशोत्सवातल्या शिलकीतून एखादं मंडळ देईल. पुण्याला, बेंगळुरूला, आखातात गेलेले बेळगावकर देतील, आणि ते गेमला कमी, बेळगावच्या मराठीला जास्त देतील. पतसंस्थेत ठेव अडकलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. आपल्या भागानं सीमाप्रश्नाच्या 1956 पासून घोषणा ऐकल्या, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या तारखांकडं डोळे लावले. इथल्या माणसाला तारीख सांगताना आपण काय सांगतोय याचं भान हवं. तुमचा गेम दोन वर्षं लांबला तर मावशी तुम्हाला काही बोलणार नाही. पण पुढच्या वेळी खानापूरची किंवा निपाणीची एखादी पोरगी लॅपटॉप घेऊन मंडळाच्या दारात उभी राहील, तेव्हा तिला उत्तर मिळेल, ‘असल्या गेमला मागं दिलं होतं आम्ही.’ तुमच्या उशिराचं बिल तिच्या नावावर फाटेल. हे मला सहन होत नाही.

मग करायचं काय? आमच्या धंद्यात कास्टिंगची, म्हणजे धातूच्या ओतकामाची, ऑर्डर येते तेव्हा गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी हजार नगांचे पैसे देत नाही, आणि आम्ही मागतही नाही. आधी पॅटर्नचे, म्हणजे ज्यावरून साचा करतात त्या नमुन्याचे, पैसे वेगळे घेतो. पॅटर्न होतो, सॅम्पल ओततो, ते मोजून पास होतं. कुठं हवा धरली, कुठं भिंत पातळ झाली, ते तेव्हाच कळतं, आणि नगाचा खरा भावही तेव्हाच हाती येतो. मग लॉटची बोलणी. तुम्हीही तसंच करा. राजहंसगडाची एकच लेव्हल, अर्धा तास खेळता येईल अशी, पूर्ण तयार करा. कागदावरचं चित्र नको, ट्रेलर नको. आवाजासकट, साध्या फोनवर चालणारी, वडगावातल्या पोरांच्या हातात देता येईल अशी. तिला किती दिवस लागले, काय काय टाकून द्यावं लागलं, ते रोज लिहून ठेवा. अशा किती लेव्हल करायच्या, त्यावरून खर्च आणि मुदत दोन्ही निघेल, आणि निघालेल्या मुदतीत निम्मी आणखी मिळवा. त्यानंतर पैसे मागितलेत तर पहिला क्यूआर कोड मी स्कॅन करीन.

असं करणाऱ्यांचंही उदाहरण देतो, नाहीतर मी नुसतीच भीती घालतोय असं होईल. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीनं ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’ 2014 मध्ये बाजारात आणला, तो चांगला खपला. त्यानंतर 2015 मध्ये दुसऱ्या भागासाठी लोकांकडं गेले, तेव्हा काम बरंच पुढं गेलेलं होतं आणि हातात पहिल्या भागाची कमाई होती. 5 लाख डॉलर मागितले, 20 लाखांच्या आसपास आले. एवढी तयारी असूनही डिसेंबर 2016 चा वायदा सप्टेंबर 2017 वर गेला. तयारीच्या माणसांना नऊ महिने उशीर झाला, हे लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीची गोष्ट तुम्हाला पाठच असेल. ‘हॉलो नाइट’ साठी त्यांनी लोकांकडून 57 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर घेतले आणि गेम 2017 मध्ये दिला. त्याच मोहिमेत कबूल केलेला एक जोडभाग वाढत वाढत ‘सिल्कसाँग’ झाला. त्याची घोषणा फेब्रुवारी 2019 मध्ये झाली आणि तो आला सप्टेंबर 2025 मध्ये. साडेसहा वर्षं! ते तगले, कारण पहिल्या गेमच्या विक्रीवर त्यांचं घर चालत होतं आणि दुसऱ्यासाठी त्यांनी कुणापुढं नव्यानं हात पसरला नव्हता. तुमच्या पहिल्या भागाची विक्री तेवढी असती तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.

जवळचं सांगायचं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा ‘राजी’ हा गेम. 2017 मधली त्यांची किकस्टार्टर मोहीम रक्कम न गाठता संपली. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाचाच पैसा कापला जात नाही, म्हणून कुणाचं देणंही डोक्यावर राहिलं नाही. खेळता येण्याजोगं काम हातात होतं, त्यावर दुसरीकडून पैसा उभा राहिला आणि 2020 मध्ये गेम आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं. तुमच्या क्यूआर कोडमध्ये मात्र ही सोय नाही. 10 लाखांऐवजी 3 लाखच जमले तर ते परत करणार का, कसे करणार, हे पोस्टरवर कुठंच नाही. अर्धवट जमलेला पैसा सगळ्यांत वाईट. गेम त्यात होत नाही, आणि पैसे तर घेतलेले असतात.

तुमची खरी अडचण मला माहीत आहे. तुमच्यातल्या एकाला बेंगळुरूच्या कंपनीचं बोलावणं आलंय, आणि आत्ता पैसा उभा राहिला नाही तर तो जाणार. त्याच्या घरची परिस्थिती पाहता त्याला कुणी थांबवूही नये. ही अडचण खोटी नाही, आणि पत्रानं ती सुटतही नाही. पण एका माणसाला वर्षभर थांबवण्यासाठी शेकडो लोकांना तारीख देणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याला जाऊ दे, शनिवार-रविवार जमेल तसं काम करू दे, पहिली लेव्हल वर्षाऐवजी दीड वर्षानं होऊ दे. उत्साह थंड होईल असं तुम्ही म्हणाल. पहिल्या भागाला लोक आपणहून आले, तेव्हा कुठला उत्साह तापवून ठेवला होता? चांगली लेव्हल हातात पडली की पोरं परत येतात.

तोवर पहिला भाग नीट विका. त्याची कन्नड आवृत्ती करा, तिला नव्या लेव्हल लागत नाहीत, संवाद आणि आवाज लागतात. संगणकासाठी आवृत्ती करून स्टीमवर टाका, एका गेमची फी 100 डॉलर आहे, ती विक्री झाल्यावर पुढं वळतीही होते. कर्नाटक सरकारचं 2024 ते 2029 साठी अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगचं धोरण आहे, आणि बेंगळुरूबाहेर उद्योग वाढवण्याच्या ‘बियाँड बेंगळुरू’ मध्ये हुबळी-धारवाडबरोबर बेळगावचंही नाव घेतात. त्यातून आपल्या वाट्याला काय येतं, हे अर्ज करून विचारल्याशिवाय कळणार नाही. अर्ज लिहायला कन्नड चांगलं येणारे तुमच्यात आहेतच.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक सांगणं. मदत करायची असेल तर या मुलांना एक खोली, वीज आणि इंटरनेट द्या, त्याला प्रत नको, परतावा नको, तारीख नको. आवाजासाठी नाटकवाली मंडळी तुमच्याकडंच आहेत, ती जोडून द्या. पैसे द्यायचेच असतील तर त्या एका लेव्हलपुरते द्या, ‘हे बुडाले तरी चालतील’ असं ठरावात लिहून द्या, आणि लोकांकडून त्या नावानं वर्गणी गोळा करू नका.

पोस्टर छापायला देण्याआधी मला एकदा भेटा. मी एस्टिमेटची वही घेऊन येतो, तुम्ही राजहंसगडाचे नकाशे आणा, एका लेव्हलचा खर्च आपण बसून काढू. त्या लेव्हलच्या खर्चात माझा वाटा मी बिनपरतीचा देणार, हे इथं सगळ्यांसमोर लिहून देतोय. आणि दिवाळीला काहीतरी जाहीर करायचंच असेल, तर पहिल्या भागाची कन्नड आवृत्ती करा. ती तोवर होण्यासारखी आहे.

तुमचा,
एक हितचिंतक
शहापूर, बेळगाव